अपेक्षित ६५५३६, मिळाले ६५५३७

लिनक्सवर 'एलएसइनपुट' नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम आहे. मशीनला कुठकुठले कीबोर्ड, माउस, रिमोट जोडलेत त्यांची यादी दाखवायची, एवढंच त्याचं काम. २०१० संपून २०११ लागत होतं त्या सुमारास, नवीन कर्नेल टाकलेल्या लोकांना हा प्रोग्रॅम यादीऐवजी एक ओळ दाखवायला लागला. मतितार्थ असा: प्रोटोकॉलची आवृत्ती जुळत नाही, अपेक्षित ६५५३६, मिळाली ६५५३७. आणि राम राम, प्रोग्रॅम बंद.

आता गंमत बघा. यादी काढायला लागणारा एकही कॉल बदलला नव्हता. कीबोर्ड तोच, माउस तोच. बदलला होता फक्त तो आवृत्तीचा आकडा, एकाने. आणि तो वाढवला होता कशासाठी? तर इंटरफेसमध्ये नवीन सोय आली आहे हे प्रोग्रॅम्सना कळावं, कोणाचं काही बिघडू नये, म्हणून!

सध्या आमच्या ऑफिसात एका एपीआयच्या 'व्ही-टू'वरून रोज खल चालतो. "सरळ व्हर्जन नंबर टाका की, संपला विषय," असं कोणीतरी दर मीटिंगला म्हणतंच. त्या वाक्यावरून मला ही गोष्ट आठवली, म्हणून या वीकांताला तिचा इतिहास. प्रोग्रॅमिंग न करणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, जमेल तेवढं सोपं करतो.

थोडी पार्श्वभूमी. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा हार्डवेअरशी थेट बोलणारा गाभा. बाकी सगळं, ब्राउझरपासून गेमपर्यंत, राहतं यूजरस्पेसमध्ये. दोघांची बोलणी ठरलेल्या खिडक्यांवरच होतात. त्यातली एक खिडकी म्हणजे आयओसीटीएल. सरकारी कचेरीत 'इतर कामे' अशी पाटी असलेली खिडकी असते ना, तीच ही. साध्या वाचा-लिहाच्या हिशोबात न बसणारं डिव्हाइसचं प्रत्येक काम इथे येतं. प्रत्येक कामाला एक ३२ बिटांचा नंबर असतो आणि त्या नंबरात एक खुबी आहे: बहुतेक प्रोसेसरांवर त्यातली १४ बिटं, अर्जासोबत जोडलेला कागद किती बाइटचा आहे, हे सांगतात. म्हणजे कागदाचा आकार हा अर्जाच्या नंबरचाच एक भाग. ही खुबी लक्षात ठेवा, पुढे ती तीनदा भेटणार आहे. दोनदा मदतीला येईल आणि एकदा तोंडघशी पाडेल.

लिनक्समध्ये एक नियम लिनस टॉरवाल्ड्सने कायम लावून धरला: आधी चालणारा प्रोग्रॅम कर्नेल बदलल्यामुळे बंद पडला, तर चूक कर्नेलची. प्रोग्रॅम कितीही गबाळा लिहिलेला असो. मुंबईत ज्यांनी पागडीची चाळ पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. मालकाने वर दोन मजले चढवावेत, जिना नवा बांधावा, पण तळमजल्यावरच्या जुन्या भाडेकरूला हलवता येत नाही. फरक एवढाच की इथे मालकाने हा कायदा स्वतःच स्वतःवर लादून घेतला आहे.

आता मूळ विषय. कीबोर्ड-माउसकडून येणाऱ्या घटना कर्नेल 'इव्हडेव्ह' नावाच्या इंटरफेसमधून यूजरस्पेसला देतो. त्याच्या उलट दिशेची सोय म्हणजे 'यूइनपुट'. एखादा साधा प्रोग्रॅम कर्नेलला सांगतो, "मी एक कीबोर्ड आहे," आणि कर्नेल ते मान्य करतो. पुढे तो प्रोग्रॅम जी बटणं दाबल्याचं सांगेल, ती खरोखरच्या कीबोर्डवर दाबल्यासारखी सगळीकडे पोचतात. यूइनपुटची पहिली सार्वजनिक आवृत्ती २० जून २००२ ची.

हे कोणाला लागतं? तुमच्या ब्लूटूथ हेडफोनवरचं प्ले-पॉजचं बटण लिनक्सवर ब्लूझेड यूइनपुटमार्फत पोचवतं. टीव्हीचे रिमोट वापरू देणारं एलआयआरसी, गेमपॅडसाठी स्टीम, सगळे याचेच गिऱ्हाईक. आणि बीआरएलटीटीवाय. हा प्रोग्रॅम अंध व्यक्तींना ब्रेल डिस्प्लेवरून लिनक्स वापरू देतो आणि बटणांच्या घटना पुढे पाठवायला यूइनपुट वापरतो. "अहो, जुनं मोडलं तर प्रोग्रॅम अपडेट करा की," असं म्हणणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा. कर्नेल अपडेट केलं आणि सकाळी आपलं टायपिंगच मशीनपर्यंत पोचेना, तर तो 'आवृत्ती जुळत नाही' हा मेसेज घालवायला कमांड टाइप करणार कशाने?

तर यूइनपुटचा मूळ घाट असा होता. डिव्हाइस फाइल उघडायची. मी कुठली बटणं आणि कुठले अक्ष वापरणार, हे आयओसीटीएलने सांगायचं. मग एक मोठा स्ट्रक्चर भरून तो थेट त्या फाइलमध्ये लिहून टाकायचा. शेवटी 'डिव्हाइस तयार कर' म्हणायचं. यानंतर त्याच फाइलमध्ये जे काही लिहाल ते बटण दाबल्याच्या घटना समजलं जातं. म्हणजे एकाच 'राइट' कॉलचे दोन अर्थ: डिव्हाइस जन्माला येण्याआधी तो जन्मदाखला, नंतर तो संवाद. मला ही रचना कधीच आवडली नाही. पण २००२ साली कोणाला वाटलं असेल की वीसेक वर्षांनीही ती जपावी लागणार आहे?

त्या स्ट्रक्चरचा हिशोब करून बघू. नावाला ८० बाइट. ओळखीला (बस, कंपनी, मॉडेल, आवृत्ती) ८. गेमपॅडच्या थरथराटाचे किती परिणाम साठवायचे, त्याला ४. पुढे चार याद्या: प्रत्येक अक्षाची कमाल किंमत, किमान किंमत आणि अजून दोन. प्रत्येक यादीत ६४ खाने, प्रत्येक खान्यात ४ बाइट. एकूण १११६ बाइट. साध्या कीबोर्डला अक्ष नसतातच, पण त्यानेही १०२४ बाइटची शून्यं पाठवलीच पाहिजेत. कर्नेल मोजून बघतो: बरोबर एवढे बाइट नसतील, तर अर्ज नामंजूर.

इथेच मेख मारली गेली. २००९ च्या आसपास इव्हडेव्हमध्ये प्रत्येक अक्षाची आणखी एक माहिती आली: रिझोल्यूशन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये किती एकक. टचपॅडला हे फार महत्त्वाचं, कारण त्याशिवाय पॅड पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे की वहीएवढा, ते सॉफ्टवेअरला कळत नाही. पण यूइनपुटच्या त्या स्ट्रक्चरमध्ये पाचव्या यादीला जागाच नव्हती. शिवाय ६४ हा आकडाही त्यात भिनलेला. उद्या ६५ वा अक्ष लागला की स्ट्रक्चरचा आकार बदलणार आणि जगातले सगळे जुने प्रोग्रॅम नामंजूर. खोट्या डिव्हाइसने खऱ्याची हुबेहूब नक्कल करावी अशी अपेक्षा, आणि तिला पुढची कित्येक वर्षं आपली लांबी-रुंदी सांगता येत नव्हती.

ते तसंच ठेवून आपण जरा शेजारी, इव्हडेव्हमध्ये, डोकावू. कारण ६५५३७ चं प्रकरण तिथे घडलं.

इव्हडेव्हमध्ये एक आयओसीटीएल होता: अमुक स्कॅनकोड आला तर कुठलं बटण समजायचं, हे विचारायला आणि बदलायला. सोबतचा कागद म्हणजे दोन पूर्णांक, ८ बाइट. त्यातला एक स्कॅनकोड, अर्थातच ३२ बिटांचा. कीबोर्डला हे पुरून उरत होतं. पण पुढे इन्फ्रारेड रिमोट याच व्यवस्थेत आले आणि ३२ बिटांत न मावणाऱ्या कोडचीही सोय हवी झाली. मग नवा कागद बनवला गेला, ४० बाइटचा. त्यात स्कॅनकोडला ३२ बाइट जागा, त्याची खरी लांबी वेगळी, वर फ्लॅग्ससाठीही एक खाना. जुन्या चुकीवरून शिकून ऐसपैस घर बांधलेलं दिसतं.

आणि इथे ती खुबी मदतीला आली. कामाचा क्रमांक जुनाच ठेवला तरी ८ बाइटचा कागद आणि ४० बाइटचा कागद यांचे पूर्ण आयओसीटीएल नंबर आपोआप वेगळे होतात. कर्नेल आकार बघून ओळखतो: हा जुना गिऱ्हाईक, हा नवा. जुन्या बायनरीला कळतही नाही की मधे काही बदललं.

सगळं झकास. फक्त एक हट्ट नडला. नव्या कॉललाही हेडर फाइलमध्ये जुनंच नाव ठेवलं. आधी कंपाइल केलेले प्रोग्रॅम चालत राहिले, पण तोच जुना सोर्स नव्या हेडरबरोबर पुन्हा कंपाइल केला की नाव नवं काम मागायचं आणि हातात कागद मात्र जुना. बायनरी जगली, सोर्स मेला. इनपुट विभागाचे मेंटेनर दिमित्री तोरोखोव यांनी मग नव्या कॉलचं नाव वेगळं केलं, शेवटी 'व्ही-टू' लावून, आणि जुनं नाव जुन्या कॉलला परत दिलं. नाव तेच ठेवण्याचा मोह ही चूक होती, हे त्यांनी बदलाच्या नोंदीत सरळ लिहून टाकलं. मला अशा नोंदी वाचायला आवडतात. कॉर्पोरेट 'रिलीज नोट्स'मध्ये असं वाक्य दिसणं दुर्मिळ.

याच धामधुमीत इव्हडेव्हचा आवृत्तीचा आकडा एकाने वाढला. सोळामाळी पद्धतीत तो सुटसुटीत दिसतो: १.०.० चा १.०.१. आपल्या दशमान पद्धतीत ६५५३६ चा ६५५३७. आणि एलएसइनपुट कोसळला, कारण त्यात तपासणी अशी होती: कर्नेलचा आकडा माझ्या कंपाइलच्या वेळच्या आकड्याच्या बरोबर समान आहे का? नसेल तर पुढे जायचंच नाही.

दोष कोणाचा? माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेडगळपणा केला हे खरं. नव्या हेडरबरोबर पुन्हा कंपाइल केला तर तो जुन्या कर्नेलवर चालणार नाही, म्हणजे कुठल्याही एका बाजूला मरणारच. पण त्याने तरी काय करावं? हातात आकडा ठेवला, त्याचं काय करायचं ते सांगितलं नाही. आणि जर कर्नेलचं वचन आहे की जुनं कधीच मोडणार नाही, तर त्या आकड्यातून जुन्या प्रोग्रॅमला सांगण्यासारखं काहीच नसतं. आकडा काही असो, तुझं काम चालेल, एवढाच त्याचा अर्थ. नव्या प्रोग्रॅमला तरी उपयोग किती? त्याला व्ही-टू हवं असेल तर त्याने सरळ व्ही-टू मागून बघावं. मिळालं तर मिळालं, नाही तर जुन्यावर यावं. दुकानात जाऊन "तुमची स्थापना कधीची?" विचारण्यापेक्षा "अमुक आहे का?" विचारावं, तसं.

असो. तो आकडा परत मागे गेला नाही. आजही तो ६५५३७ च आहे.

परत यूइनपुटकडे. त्याच्या हेडरमध्ये आवृत्तीचा आकडा २००६ पासून होता, पण त्यात मोठी गोम. हेडरमधला आकडा सांगतो की प्रोग्रॅम कंपाइल करताना कुठला हेडर होता. प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्नेलमध्ये काय आहे, ते त्यावरून कळत नाही. पुण्यात छापलेलं वेळापत्रक हातात धरून नागपूरच्या फलाटावर उभं राहण्यासारखं. चालू कर्नेलला आवृत्ती विचारायचा कॉल यायला २०१४ उजाडलं, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर बारा वर्षं. मग प्रश्न असा की ज्या कर्नेलमध्ये 'आवृत्ती सांग' हा कॉलच नाही, त्याची आवृत्ती कशी विचारायची? उत्तर सोपं आहे: विचारायची, तो 'हे काय ते मला माहीत नाही' अशी एरर देतो, आणि ती एरर हेच उत्तर. जुना आहे, जुन्या पद्धतीने बोला.

त्याच वर्षीची दुसरी सुधारणा आणखी मजेशीर आहे. तोवर यूइनपुटवर डिव्हाइस बनवलं तर ते नक्की कुठे जन्माला आलं, हे बनवणाऱ्यालाच कळायचं नाही! लिबइव्हडेव्ह ही लायब्ररी मग काय करायची, तर सिसएफएसच्या फोल्डरांतून हिंडून आपण दिलेलं नाव कोणाचं आहे आणि फोल्डर आत्ताच तयार झालं आहे का, हे बघून अंदाज बांधायची. जत्रेत हरवलेलं पोर कपड्यांवरून शोधावं तसं. २०१४ मध्ये बेंजामिन तिस्वार यांनी 'माझ्या डिव्हाइसचं सिस्टिममधलं नाव सांग' असा कॉल घातला आणि ती शोधाशोध संपली. जुन्या कर्नेलवर मात्र लायब्ररीला आजही हिंडावंच लागतं. तो कोड काढता येत नाही.

आणि मग २०१५ मध्ये डेव्हिड हेरमान आणि तिस्वार यांनी १११६ बाइटच्या गाठीला हात घातला. हे काम २०१६ मध्ये कर्नेल ४.५ बरोबर बाहेर आलं, यूइनपुटची आवृत्ती ५ म्हणून. कोणी म्हणेल, पाचवी यादी जोडून १३७२ बाइटचा कागदही चालवून घेतला असता. चाललं असतं, पण मग पुढच्या वेळी तिसरा आकार, नंतर चौथा. त्याऐवजी त्यांनी मोठा कागद फाडून दोन केले. एक डिव्हाइसची ओळख सांगणारा, ९२ बाइटचा. दुसरा फक्त एका अक्षाचा, २८ बाइटचा, रिझोल्यूशनसकट. जेवढे अक्ष तेवढे कागद द्या. ६४ या आकड्याचं भूत उतरलं. आणि अक्षाच्या कागदाला एक सवलत ठेवली: कर्नेल नंबरातला आकार वाचतो, कागद त्याच्या माहितीपेक्षा लहान असेल तर चालवून घेतो, मोठा असेल तर स्पष्ट नाही म्हणतो. खुबी दुसऱ्यांदा कामी आली, आणि या वेळी पुढे कागद वाढवायची वाट आधीच मोकळी ठेवून.

कर्नेलच्या कागदपत्रांतलं उदाहरणही बघण्यासारखं आहे. आवृत्ती विचार, उत्तर मिळालं आणि ते ५ किंवा जास्त असेल तर नवी पद्धत, नाही तर जुनी. "समान आहे का" असं नाही, "निदान एवढं आहे का" असं. एलएसइनपुटचं सगळं दुखणं एका चिन्हात होतं.

आता तिसरी भेट, तोंडघशी पाडणारी. यूइनपुटला 'डिव्हाइस भौतिकदृष्ट्या कुठे जोडलेलं आहे' हे सांगायचा एक कॉल आहे, २००४ पासून. त्याच्या व्याख्येत कागदाचा आकार म्हणून पॉइंटरचा आकार लिहिला गेला. पॉइंटर ३२ बिटी प्रोग्रॅममध्ये ४ बाइटचा, ६४ बिटी कर्नेलमध्ये ८ चा. म्हणजे तोच कॉल, तेच नाव, पण ३२ बिटी प्रोग्रॅमने पाठवलेला नंबर ६४ बिटी कर्नेलला ओळखताच येईना. व्याख्या दुरुस्त करावी, तर आधीचे प्रोग्रॅम मेले. शेवटी कर्नेल दोन्ही नंबर ओळखायला शिकला. आकारावरून आवृत्ती ओळखायची तर आकार सगळीकडे सारखा हवा, हे त्या दिवशी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

आकड्याने आवृत्ती सांभाळणं कधीच जमत नाही असंही नाही. फ्यूज आठवतंय? विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहायला ज्यांनी एनटीएफएस-३जी टाकलं असेल, त्यांनी फ्यूज वापरलंय. फाइलसिस्टिम साध्या प्रोग्रॅमने चालवायची ही सोय मिक्लोस सेरेदी यांनी लिहिली आणि २००५ मध्ये २.६.१४ कर्नेलमध्ये आली. इथे दोन्ही बाजू पहिल्याच निरोपात आपापली आवृत्ती सांगतात. मोठा आकडा जुळला की लहान आकड्यांपैकी जो कमी, त्या भाषेत पुढचं सगळं बोलणं. उदाहरणार्थ ७.९ मध्ये फाइलच्या माहितीत ब्लॉक-साइझचा खाना वाढला. समोरचा ९ च्या आधीचा असेल तर कर्नेल आपला जुना, आखूड कागद पुढे करतो. आकडा इथे टिकला, कारण तो भांडण सुरू होण्याआधी दोघांनी मिळून ठरवलेला असतो. त्याच निरोपात फ्लॅग्सचं एक ३२ बिटांचं खातंही आहे: मला हे येतं, तुला येतं का? ते खातं भरत आलं तेव्हा, २०२२ मध्ये, ७.३६ आवृत्तीत, उरलेल्यातलं एक बिट 'पुढचं पान बघा' या कामी लावून दुसरं ३२ बिटांचं खातं उघडलं. आपल्याकडे परीक्षेत पुरवणी जोडतात तसं.

खुद्द कर्नेलच्या आकड्याचंही एकदा असंच झालं. २०११ च्या जुलैत २.६.३९ नंतर थेट ३.० आलं. तांत्रिक कारण काही नव्हतं, टॉरवाल्ड्सना आकडे फार लांबल्यासारखे वाटले एवढंच. पण आकडा '२.६' नेच सुरू होणार असं धरून चाललेले प्रोग्रॅम धडपडले. मग कर्नेलमध्ये एक अधिकृत खोटं बोलायची सोय घातली गेली: तसं सांगून चालू केलेल्या प्रोग्रॅमला ३.० हा २.६.४० म्हणून दिसतो.

सध्या या मंडळींसमोर वेगळंच बाड आहे: २०३८ साल. इव्हडेव्ह आणि यूइनपुटमधली प्रत्येक घटना वेळेसकट जाते. ३२ बिटी मशीनवर तिचा आकार १६ बाइट, त्यात सेकंदांना ३२ बिटं, आणि ती चिन्हासकट मोजली तर जानेवारी २०३८ मध्ये संपतात. जीलिबसीने २०२१ मध्ये ३२ बिटी प्रोग्रॅम्सना वेळ ६४ बिटांत मोजायची सोय दिली. त्या वेळी हा स्ट्रक्चर आपोआप फुगला असता आणि कर्नेलशी बोलणं तुटलं असतं. म्हणून २०१८ मध्येच, ४.१६ कर्नेलमध्ये, त्यातल्या वेळेच्या खान्यांची अशी व्यवस्था केली की प्रोग्रॅमची वेळ कितीही बिटांची असो, घटना १६ बाइटचीच राहील. सेकंद मात्र बिनचिन्हाचे धरायचे. कोणालाही हलवलं नाही, फक्त मुदत वाढवून घेतली, २१०६ पर्यंत. १११६ बाइट मोजणारं जुनं फंक्शनही अजून जागेवर आहे, नावात 'लेगसी' असा शिक्का घेऊन. २१०६ मध्ये त्या १६ बाइटांचं काय करायचं, ते तेव्हाचे मेंटेनर बघतील.